आधी कड दाखव

व्हिडिओ कॉलवर मी माझ्या गाडीच्या ब्रेकचा चिरा पडलेला रोटर, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी, ब्रेक दाबला की जिच्यावर पॅड घासतात ती बिडाची तबकडी, कॅमेऱ्यासमोर धरला, तेव्हा बाबांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि विचारलं, "एवढ्या चांगल्या बिडाला भोकं कुणी पाडली?"

बाबांची ३१ वर्षं कोल्हापुरात, शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत गेली. बिडाबद्दल ते बोलायला लागले की मी ऐकते.

माझी गाडी २००२ची कॉर्व्हेट सी५. इथे सॅन होजेत सेकंडहँड घेतली, वर्षाला चार-पाच ट्रॅक डे करते, म्हणजे आपली गाडी रेसच्या ट्रॅकवर पळवायचे दिवस, बहुतेक लगुना सेका ट्रॅकवर. कारखान्यातून ही गाडी साध्या, सपाट रोटरवरच निघाली होती. पुढचे ३२५ मिमी व्यासाचे, ३२ मिमी जाड. आधीच्या मालकानं ते काढून भोकांचे, खाचांचे, चकचकीत मुलामा दिलेले रोटर बसवले होते. चाकाच्या आऱ्यांमधून फार देखणे दिसायचे. माझ्या दुसऱ्याच ट्रॅक डेला दुपारच्या सेशनमध्ये पेडल पायाखाली थरथरायला लागलं. पिटमध्ये येऊन चाक काढलं तर जवळजवळ प्रत्येक भोकाभोवती बारीक चिरा होत्या, आणि त्यातली एक दोन भोकं जोडत थेट कडेपर्यंत गेलेली. आणखी दोन-तीन लॅप मारले असते तर काय झालं असतं, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

"चीर भोकापासूनच निघते," बाबा म्हणाले. "आणि जेवढं बीड काढलंस तेवढी उष्णता ठेवायला जागा कमी."

त्या रात्री मी हिशोब मांडला. सरळ रस्ता संपून दुसऱ्या वळणाला, अँड्रेटी हेअरपिनला, मी साधारण १९५ किमी वेगावरून ७० वर येते. माझ्यासकट गाडी १,५५० किलो धरली तर एका ब्रेकला जवळपास २० लाख ज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. त्यातली ७० टक्के पुढे येते असं मानलं तर एकेका पुढच्या रोटरच्या वाट्याला ७ लाख. पॅड ज्या कड्यावर घासतात त्यात ७ किलो बीड असेल तर तेवढ्या एका ब्रेकनं त्याचं तापमान २०० अंशांहून जास्त चढतं. आणि त्या लॅपमध्ये पुढे आणखी वळणं आहेतच. म्हणजे मला हवं होतं ते वजन. आई घावनांसाठी जाड बिडाचाच तवा का वापरते, पातळ का नाही, तेच इथेही लागू.

मग भोकं पाडतात कशासाठी? जुन्या काळच्या पॅडमधून तापल्यावर वायू सुटायचा, त्याला वाट हवी म्हणून. आजच्या पॅडना तो त्रास जवळजवळ उरलेला नाही. पावसात थोडा फायदा होतो, वजनही थोडं कमी होतं. रस्त्यावर चालवायच्या गाडीला ठीक आहे. ट्रॅकवर नको, हे माझं ठाम मत. नुसत्या खाचांचे रोटर चिरत नाहीत तितके, पण पॅड लवकर खातात, आणि चांगले पॅड रोटरपेक्षा महाग पडतात. मध्ये ॲल्युमिनियमची टोपी आणि भोवती वेगळं बिडाचं कडं असलेले दोन भागांचे रोटर खरंच उत्तम. पण त्या पैशांत माझे किती ट्रॅक डे होतात ते पाहिलं आणि तो विचार सोडून दिला.

तेव्हा साधे सपाट रोटर, पुढची जोडी साधारण १२० डॉलरला. पण स्वस्तातही निवड करावी लागते, आणि ती मला बाबांनी शिकवली. रोटर उभा धरून बाहेरच्या कडेनं आत बघायचं. दोन पत्रे, मध्ये हवेच्या पोकळ्या. ही पोकळी साच्यात ठेवलेल्या वाळूच्या गाभ्यानं, म्हणजे कोअरनं, तयार होते, आणि ओतताना कोअर जरा जरी सरकला तर एक पत्रा जाड आणि दुसरा पातळ होतो. पातळ बाजू लवकर तापते, रोटर वेडावाकडा फुगतो. मी चार ठिकाणी व्हर्नियर लावून जाडी मोजते. पहिल्या जोडीतल्या एकाला एका बाजूला पत्रा डोळ्यांनाच पातळ दिसत होता. शिवाय तोल साधायला कडेवर खोल खरवडलेलं होतं. तो परत केला.

वाचलेले पैसे मी पॅड, ब्रेक ऑइल आणि हवेवर घातले. ताज्या डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, पण ओलावा शोषल्यावर तो मोजायचा तर किमान अट १५५वर उतरते. म्हणून मी ३०० अंशांच्या वर उकळणारं रेसिंग ऑइल भरते आणि हंगामात दोनदा बदलते. तीन इंची नळीनं पुढची हवा रोटरच्या मधोमध सोडली आहे, कारण फिरणारा रोटर पंख्यासारखी मधली हवा ओढून बाहेर फेकतो. कडेवर तापमान दाखवणारा रंग लावला होता. हिरवा ४३० अंशांना बदलतो, नारिंगी ५६०ला, लाल ६१०ला. नळीआधी तिन्ही बदलले होते. नंतर लाल टिकला.

नव्या रोटरवर पॅड घासून नीट बसवणं हे मात्र घाईनं करू नये. रिकाम्या रस्त्यावर ब्रेक दाबून वेग १०० वरून १५ पर्यंत आणायचा, आठ-दहा वेळा, पूर्ण न थांबता, मग ब्रेकला पाय न लावता थंड होईपर्यंत चालवत राहायचं. तापलेल्या रोटरवर पॅड दाबून उभं राहिलं तर तिथे त्याचा थर चिकटतो, आणि लोक म्हणतात रोटर वाकला. बहुतेकदा वाकलेला नसतो.

या रोटरवरही केसांसारख्या चिरा येतात. नख अडकत नाही तोवर चालू देते. अडकलं, किंवा चीर कडेला पोचली, की रोटर भंगारात.

गेल्या शनिवारी पुढची जोडी आली. खोकं उघडून मी कॉल लावला, रोटर नीट दिसावा म्हणून दिव्याखाली सपाट ठेवला. बाबा म्हणाले, "तोंड काय दाखवतेस? आधी कड दाखव."