बाबांना आवडलं का माल्टा?

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच लिहून टाकते. सोसायटीच्या लिफ्टमध्ये, हळदीकुंकवाला, ऑफिसात डबा खाताना, आणि गेल्या महिन्यात तर डेंटिस्टच्या खुर्चीत तोंड उघडं असताना हा प्रश्न मला येऊन गाठतो. "आईबाबांना माल्टाला नेलंत ना? मग, आवडलं का त्यांना?" मी आजवर "हो, खूप" म्हणत आले. त्यामागोमाग दुसरी मागणी ठरलेली: "तुझी ती एक्सेल शीट पाठव ना." शीट मी एकोणीस जणांना पाठवली आहे. ती चुकीची आहे हे एकालाही सांगितलेलं नाही.

भूमध्य समुद्रातला हा चिमुकला बेटांचा देश, माल्टाच का, ते पटकन उरकते. भाऊ म्युनिकला, आम्ही पुण्यात. माल्टाला शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच असतो तो) चालतो, इंग्रजी चालतं, गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूने चालतात. म्युनिकच्या, म्हणजे बायर्न राज्यातल्या शाळांना मेअखेर ते जून अशी पेन्टेकोस्ट सणाची दोन आठवडे सुट्टी असते, आमच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात. त्या फटीत नऊ माणसं बसवायची होती. नऊच, कारण साध्या लायसन्सवर ड्रायव्हर धरून नऊजणांचीच गाडी चालवता येते. सासूबाई "मला नाही बाई झेपायचं" म्हणाल्या तेव्हा मी दोनदा आग्रह केला आणि मनात हुश्श केलं, गाडीचं गणित सुटलं म्हणून. लिहिलंय ते आता खोडत नाही.

खरं तर व्हिसाच्या वेळीच कळायला हवं होतं. बाबांचं पहिलं भांडण बँक स्टेटमेंटवरून. "मी काय तिकडे राहायला चाललोय? त्यांना माझी एफडी कशाला बघायचीये?" दुसरं ३०,००० युरोंच्या विम्यावरून. त्याचे रुपये करून दाखवले तर म्हणाले, "एवढ्याचा मी आहे का?" मग बोटांचे ठसे. बाबा अडतीस वर्षं चिंचवडला टर्नर होते. काचेवर चार बोटं ठेवली की पडद्यावर नुसते राखाडी डाग उमटायचे. काउंटरवरची मुलगी बिचारी समजूतदार होती. ओल्या टिश्यूने एकेक बोट पुसून परत ठेवायला लावत होती. सहाव्यांदा हिरवा दिवा लागला. बाहेर आल्यावर बाबा बोटं बघत म्हणाले, "लेथवर राहिले सगळे ठसे." मी तेव्हा रिक्षा शोधत होते.

आता शीटबद्दल. तिच्यात नऊ दिवस, तासातासाचा हिशेब. भूमिगत हायपोजियमची तिकिटं तीन महिने आधी काढलेली, कारण तिथे दिवसाला जेमतेम ८० माणसं सोडतात. घर राजधानीतच, वॅलेटात, म्हणजे सगळं पायी. आणि तिथेच माती खाल्ली. वॅलेटा म्हणजे १५६५च्या तुर्की वेढ्यानंतर नाइट मंडळींनी, म्हणजे ख्रिस्ती लढवय्यांनी, डोंगरसोंडेवर वसवलेलं गाव. रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ. मधला मोठा रस्ता सोंडेच्या पाठीवरून जातो आणि आडव्या गल्ल्या दोन्ही बाजूंनी समुद्राकडे कोसळतात, कित्येक ठिकाणी चक्क पायऱ्यांनी. फोनवरच्या नकाशात मात्र ते बुद्धिबळाच्या पटासारखं सपाट दिसतं. शीटमध्ये मी लिहिलं होतं, "फेरी ते चर्च, ४०० मीटर, ८ मिनिटं." बाबा शहात्तर वर्षांचे. दोन्ही गुडघे गेलेले, ऑपरेशनला नकार.

घर दुसऱ्या मजल्यावर. जुन्या घराचे मजले आपल्या दीड मजल्याएवढे उंच असतात हे मला तिथे पोचल्यावर कळलं. बावन्न पायऱ्या. आकडा बाबांचा, ते रोज मोजायचे, मोठ्याने नाही, पण शेवटच्या पायरीवर "बावन्न" म्हणायचे. चौथ्या दिवसापासून भाचीसुद्धा म्हणायला लागली. भाची सहा वर्षांची, मराठीत तिला आकडे आणि खाण्याचे पदार्थ येतात.

शिवाय "मी इथेच बसतो." हे वाक्य मी नऊ दिवसांत किती वेळा ऐकलं त्याचा हिशेब शीटमध्ये नाही. हायपोजियमच्या दारात मी सांगितलं, की हजारो वर्षांपूर्वीची दफनाची जागा आहे, खडकात खोदलेली. बाबा म्हणाले, "आपल्यात जाळतात. या जाऊन तुम्ही." आणि बाहेर बसले. एवढं महाग तिकीट, तीन महिने आधी काढलेलं.

आता ते सांगते, ज्यासाठी लिहायला बसले.

पाचवा दिवस. सकाळी समोरच्या किनाऱ्यावर स्लिमाला गेलो होतो, परत फेरीने वॅलेटाच्या धक्क्यावर उतरलो. दुपारचे अडीच. पिवळ्या दगडाच्या भिंती, पिवळ्या दगडाच्या पायऱ्या, ऊन वरून एकदा आणि खालून एकदा. सेंट जॉन चर्च बंद व्हायला फार वेळ उरला नव्हता आणि दुसरा दिवस रविवार, म्हणजे चर्च पर्यटकांना बंद. आत काराव्हाज्जो या इटालियन चित्रकाराचं १६०८ मधलं चित्र आहे. त्याने आयुष्यात सही केलेलं एवढं एकच, आणि सही केलीये ती चित्रातल्या सांडलेल्या रक्तात. हे एक मला बघायचं होतं. बाकी आठ दिवस मी बाकीच्यांचंच बघत होते.

अर्ध्या चढावर बाबा कठड्याला धरून थांबले, मग हळूच पायरीवर बसले. "तुम्ही व्हा पुढे. मी इथेच बसतो."

मी म्हणाले, "बाबा, मग आलातच कशाला तुम्ही?"

हळू नाही म्हणाले. गल्लीत आवाज घुमतो. भाच्याने भावाला जर्मनमध्ये विचारलं, आत्या काय म्हणाली? भावाने भाषांतर केलं नाही. वहिनी पाण्याची बाटली उघडत राहिली, उघडीच होती ती. बाबा म्हणाले, "तुम्ही बोलावलंत म्हणून."

त्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. नव्हता. पत्ता विचारल्यावर सांगावा तसं म्हणाले.

आणि मी गेले. थांबले नाही. आईला चर्च बघायचं होतं, मुलं पुढे पळाली होती, बाबांना सावलीत बसवलं होतं, कारणं भरपूर होती आणि आजही आहेत. चित्रासमोर वीस मिनिटं उभी राहिले. रक्तातली सही बघितली असणार. आठवते ती मागच्या कोणाच्या तरी कॅमेऱ्याची टकटक.

परत आलो तर पायरीवर बाबा नव्हते.

त्यांच्या फोनला रोमिंग घेतलं नव्हतं. "ते कुठे एकटे जाणारेत," असं म्हणून मीच ते पैसे वाचवले होते. शीटमध्ये तशी नोंद आहे. पुढची चाळीस मिनिटं भाऊ वरच्या रस्त्याला, नवरा घरी, मी प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी. "म्हातारे गृहस्थ, पांढरा शर्ट" हे मी किती जणांना इंग्रजीत सांगितलं! निम्मं गाव तसंच होतं. आई एका दुकानाच्या पायरीवर बसून होती. ती मला काही बोलली नाही, आणि ती गप्प राहणाऱ्यातली नाही.

शेवटी शोधून काढलं माझ्या मुलाने, ज्याच्या दहावीच्या क्लासची सुट्टी काढणं व्हिसापेक्षा अवघड गेलं होतं. बाबा खाली फेरीच्या धक्क्यावर होते. त्या सगळ्या पायऱ्या उतरून परत. "तिथे ऊन आलं. म्हटलं, बोट इथेच लागते, तर तुम्ही इथेच येणार." आम्ही परत तिथे जाणारच नव्हतो, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मला काही बोलता येईना. तर तेच सांगायला लागले, "दर अर्ध्या तासाला येते. तो दोर टाकणारा पोरगा बघ. एका फटक्यात खुंटीत घालतो. दोनदा बघितलं, चुकला नाही." आम्ही तिसरी बोट येईपर्यंत थांबलो. त्या पोराचा दोर तेव्हा चुकला. बाबा म्हणाले, "लोक बघायला लागले की होतं असं."

वर जायला टॅक्सी केली.

तर आवडलं का? मला माहीत नाही. घाटावरची ती लिफ्ट, बंदरापासून वरच्या बागेपर्यंत ५८ मीटर, तिच्यातून ते काम नसताना चार वेळा गेले. गोझो बेटावर गाडीसकट बोटीने जायचं असतं, तिथे जाताना तिकीट नाही, पैसे परत येताना घेतात. बाबांना ते फार पटलं. "आणि नाही परतलं कोणी तर?" आता सोसायटीत कोणी माल्टाचं विचारलं तर ते एवढंच सांगतात. ह्याला आवडणं म्हणायचं का, तुम्हीच ठरवा. आईचं सोपं आहे. नळाचं पाणी बरंचसं समुद्राचं मीठ काढून केलेलं, त्यामुळे चहा खारट, ही तिची एकमेव तक्रार. आणि मटारचे पस्तिझी म्हणजे मटारच्या करंजीचीच बहीण, असं म्हणून ती रोज दोन खायची. त्या पापुद्र्यांत काही ठिकाणी डुकराची चरबी घालतात, हे मला सातव्या दिवशी कळलं. आईला अजून सांगितलेलं नाही. हे ती वाचणार नाही. वाचलं तर वाचलं.

"ग्रुप टूरने पाठवायचं होतंस, वरणभात मिळाला असता," असं म्हणणाऱ्यांना: ग्रुप टूरमध्ये म्युनिकची नातवंडं मिळत नाहीत. जायच्या आधीची मी ह्यावर तावातावाने बोलायची. तेव्हा "तीन पिढ्या, एक बेट" असं स्टेटससुद्धा टाकलं होतं. तिला आज विचारावंसं वाटतं, की बाई, हे तू त्यांच्यासाठी करत होतीस की स्टेटससाठी? ती लगेच उलट विचारेल, नसतं नेलं त्यांना तर बरं झालं असतं का? शेवटच्या रात्री गच्चीवर बाबा दोन्ही नातवांना बोटं दाखवत होते, ठसे नाहीत ते, आणि भाचा मोबाईलचा दिवा पाडून खरंच शोधत होता. घरी बसून हे कुठून झालं असतं? मग मी गप्प बसते. ती जिंकत नाही, मीही नाही.

त्या वाक्याबद्दल बाबांची माफी मागितली का, हेही एकीने विचारलं. नाही मागितली. विषय निघाला की ते दोरवाल्या पोराचं काढतात.

भाऊ आता पुढच्या वर्षी ग्रीसमधलं क्रीट बेट म्हणतोय. मी जुन्या शीटची कॉपी केली आणि एक नवीन रकाना टाकला, "पायऱ्या". तीन घरमालकांना विचारून ठेवलंय. दोघांचं काहीच आलं नाही. तिसऱ्याने लिहिलंय, "ओन्ली अ फ्यू."