तुम्ही विचारलंत म्हणून: 'अलार्मिंग' नेमकं कधी म्हणायचं?

इंग्रजी शिकवते म्हटल्यावर हा प्रश्न ठरलेलाच असतो: "'अलार्मिंग' म्हणजे चिंताजनकच ना? मग 'वरीइंग' म्हटलं तर काय बिघडलं?"

चिंताजनक हा अर्थ चूक नाही, पण अपुरा आहे. चिंता माणूस महिनोन्‌महिने उराशी बाळगू शकतो. 'अलार्मिंग' तेवढी सवड देत नाही. 'अलार्म'चं मूळ इटालियन आहे: 'आल्लार्मे', म्हणजे 'शस्त्रं उचला!' शत्रू दिसला की द्यायची ती हाक. फ्रेंचमधून इंग्रजीत आली, तरी तिच्यातली निकड गेलेली नाही.

मुलाला 100 ताप आहे आणि उतरत नाही, हे वरीइंग. तोच ताप बघता बघता 104 वर गेला तर अलार्मिंग. आता वाट बघायची नाही, डॉक्टर गाठायचा. 'ॲट ॲन अलार्मिंग रेट' हा प्रयोग एवढा रुळलाय तो यामुळेच. हिमनद्या वितळताहेत, भूजल खाली चाललंय, अशा बातमीत आकड्याइतकाच वेगही धडकी भरवतो. 'डिस्टर्बिंग' मात्र निराळं. मारहाणीचा व्हिडिओ पाहिला आणि तो डोक्यातून जाता जात नाही, तर तो डिस्टर्बिंग. तिथे तुमच्या हातात करण्यासारखं काही असेलच असं नाही.

आणि एक, रुग्णाची 'प्रकृती चिंताजनक' असेल तर इंग्रजीत 'क्रिटिकल' म्हणतात.

खरा घोटाळा शब्दाच्या शेपटाशी होतो. 'आय ॲम अलार्मिंग' असं लिहिलंत, तर तुम्हाला बघून लोक घाबरतात असा अर्थ होतो. बातमी अलार्मिंग, ऐकणारा अलार्म्ड. दारावर 'धिस डोअर इज अलार्म्ड' अशी पाटी दिसली तर मात्र दार घाबरलेलं नसतं. त्याला अलार्म बसवलेला असतो.

याच कुळातल्या 'अलार्मिस्ट'बद्दल मला मनापासून सांगायचंय. विनाकारण घबराट पसरवणारा, असा त्याचा अर्थ. हल्ली तो पुराव्यानिशी धोका दाखवणाऱ्यांवरही सर्रास फेकला जातो, हवामानाच्या अभ्यासकांवर तर फारच. परिस्थिती अलार्मिंग आहे असं मोजमाप करून सांगणारा माणूस अलार्मिस्ट ठरत नाही. हा शब्द कुणाला लावण्याआधी त्याने दिलेले आकडे तरी वाचा.