अ‍ॅलिसला लिहिलेली पत्रे

भाचीने काल विचारलेला प्रश्न अगदी साधा होता आणि त्यात कुचेष्टेचा लवलेशही नव्हता, तरीही तो रात्रभर मनातून गेला नाही. तिच्या फोनवर ‘ट्वायलाइट’ या व्हँपायरच्या प्रेमकथेच्या चित्रपटमालिकेतल्या दुसऱ्या भागाचा, ‘न्यू मून’मधला, खिडकीचा प्रसंग चालू होता. कोणीतरी त्यावर विनोदी संगीत चढवले होते आणि ती ते पाहून मनापासून हसत होती. तुझी मावशी हा चित्रपट पाहताना ढसाढसा रडली होती, असे ताईने स्वयंपाकघरातूनच सांगितले. भाचीने हसणे थांबवले, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “मावशी, खरंच? पण यात रडण्यासारखं काय आहे?” मी काही बोलणार तोवर ताईने जेवायला हाक मारली आणि तो विषय तिथेच राहिला. मात्र हाक आली नसती, तरी मला काय सांगता आले असते, हे आज दिवसभर विचार करूनही उमगलेले नाही.

त्या चित्रपटावर हसणारे लोक मला नवे नाहीत. २० नोव्हेंबर २००९ रोजी तो अमेरिकेत प्रदर्शित झाला, पण हसणे त्याच्याही आधीच सुरू झाले होते. त्या वर्षीच्या जुलैमध्ये सॅन डिएगोच्या कॉमिक-कॉनला, म्हणजे कॉमिक्स आणि चित्रपटांच्या चाहत्यांच्या मेळाव्याला, त्याच्या चाहत्या मुली मोठ्या संख्येने गेल्या, तेव्हा ‘ट्वायलाइटने कॉमिक-कॉनचा सत्यानाश केला’ अशा अर्थाचे फलक घेऊन काही जण तिथे उभे होते. ज्या मेळाव्यात मोठी माणसे आवडत्या पात्रांचे पोशाख घालून हिंडतात आणि तासन् तास रांगा लावतात, त्याच मेळाव्यात मुलींनी रांग लावली की तो उच्छाद कसा ठरतो, हे मला तेव्हाही कळले नव्हते आणि आजही कळत नाही. त्यांच्या रांगेला निष्ठा म्हणायचे आणि आमच्या रांगेला वेड म्हणायचे, हा न्याय कोणी ठरवला असेल?

आकडे मात्र आमच्या बाजूचे होते. मध्यरात्रीच्या खेळांतूनच २ कोटी ६३ लाख डॉलर जमा झाले आणि पहिल्या दिवसाचा गल्ला ७ कोटी २७ लाखांवर गेला. आदल्या वर्षीच्या बॅटमनपटाचा एका दिवसाचा विक्रम त्याने मोडला होता. पहिल्या तीन दिवसांत अमेरिकेत आणि कॅनडात मिळून १४ कोटी २८ लाख, आणि हे सगळे सुमारे ५ कोटी खर्चून केलेल्या चित्रपटाने मिळवले होते. पुढच्या आठवड्याच्या अखेरीस गल्ला सुमारे सत्तर टक्क्यांनी घसरला, तेव्हा हसणाऱ्यांना आणखी एक कारण मिळाले. पण ज्यांना तो जिवाच्या आकांताने पाहायचा होता, त्यांनी तो पहिल्याच रात्री पाहून घेतला होता, एवढाच त्या घसरणीचा अर्थ होता. समीक्षकांपैकी जेमतेम तिसऱ्या हिश्शाला तो बरा वाटला. नामवंत समीक्षक रॉजर एबर्ट यांनी त्याला एकच तारा दिला. चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांना विचारून सिनेमास्कोर जी श्रेणी देते, ती मात्र ‘ए मायनस’ होती. एकाच चित्रपटाबद्दलची ही दोन मते इतकी दूर असताना पहिले मत जाणकारांचे आणि दुसरे भाबड्या पोरींचे, असे सगळ्यांनी सहज धरून चालावे, याचेच मला दुःख होते. त्या पोरींमध्ये मीही होते.

पुणे सोडून अमेरिकेत, बेलव्ह्यूला आल्याचे ते आमचे पहिलेच वर्ष होते. गुरुवारी मध्यरात्री खेळ आणि शुक्रवारी सकाळी शाळा, त्यामुळे बाबांचा विरोध होता आणि त्याबद्दल आज लिहीत नाही. शेवटी आई सोबत आली. पाऊस पडत होता आणि चित्रपटगृहाच्या छताखाली मुली गोधड्या पांघरून जमिनीवर बसल्या होत्या. काहींच्या आयाही त्यांच्यासोबत पुस्तक उघडून बसल्या होत्या. कोणीतरी अनोळखी मुलीने माझ्यासमोर बिस्किटांचा पुडा धरला आणि तू नायिका बेलाच्या प्रियकराच्या, व्हँपायर एडवर्डच्या बाजूची, की तिच्या लांडगा होणाऱ्या मित्राच्या, जेकबच्या, असे विचारले. या देशात आल्यापासून माझे मत इतक्या आपुलकीने कोणी विचारले नव्हते. आत गेल्यावर दिवे मंदावताच जो कल्लोळ झाला, तसा मी त्याआधी फक्त गणपतीच्या मिरवणुकीत ऐकला होता. मोटारसायकलवरून पडलेल्या बेलाच्या कपाळावरचे रक्त टिपायला जेकबने अंगातला टी-शर्ट काढला, तेव्हा सगळे चित्रपटगृह किंचाळले आणि आमच्या मागे बसलेले दोन मुलगे मोठ्याने हसले. मुलींच्या किंचाळण्यात मला आनंद ऐकू आला आणि मुलग्यांच्या हसण्यात तुच्छता. तो फरक अजून कानात आहे.

त्या चित्रपटात दोष नाहीत, असे मी कधीच म्हटलेले नाही. कॅथरिन हार्डविक यांनी पहिला भाग निळसर-हिरव्या, थरथरत्या कॅमेऱ्याने टिपला होता आणि त्यात कथा जिथे घडते त्या फोर्क्स गावाची ओल जाणवत होती. पुढचा भाग स्टुडिओला वर्षभरातच हवा होता, तेवढ्या वेळात तयारी होणार नाही म्हणून त्या बाजूला झाल्या आणि ख्रिस वाइट्झ आले. त्यांनी सगळे काही सोनेरी, नीटनेटके आणि संथ करून टाकले. ज्या बाईने पहिल्या भागातून स्त्री दिग्दर्शकांच्या चित्रपटांत तिकीटबारीवरची तोवरची सर्वांत मोठी सुरुवात करून दाखवली, तिच्यानंतर या मालिकेचा एकही भाग कोणा स्त्रीकडे गेला नाही, हेही मला सलते. जेकब ज्यांच्यातला दाखवला आहे, त्या क्विल्यूट या खऱ्याखुऱ्या मूलनिवासी जमातीबद्दल तर बरेच लिहिण्यासारखे आहे. त्यांचे गाव ला पुश आमच्या घरापासून काही तासांच्या वाटेवर होते. त्या लोकांची लांडग्यांची स्वतःची जुनी कथा आहे, व्हँपायरशी तिचा काडीचाही संबंध नाही, आणि त्यांच्या नावावर जगभर जी टी-शर्टे खपली त्यांचा विचार केला की मन खट्टू होते. आणि बेला एडवर्डचा भास व्हावा म्हणून जाणूनबुजून स्वतःला संकटात लोटते, कड्यावरून समुद्रात उडी घेते, हे पाहून ज्यांना काळजी वाटली त्यांची काळजी खरीच होती. उद्या भाचीने कोणा मुलासाठी तसे काही करायचे मनात आणले, तर मी तिच्या दारात आडवी पडेन. ज्यांनी ही काळजी बोलून दाखवली, त्यांच्याशी माझे भांडण नाही. मला बोचते ते हसणे, कारण मुली का रडल्या हे हसणाऱ्यांना विचारावेसेही वाटले नाही, ते आपल्याला ठाऊकच आहे असे त्यांनी धरले.

काल भाचीच्या फोनवर जो प्रसंग होता, त्यात बेला खिडकीपाशी खुर्चीत बसलेली आहे. एडवर्ड तिला जंगलात सोडून गेला आहे, त्याचे सगळे कुटुंब गाव सोडून गेले आहे. कॅमेरा तिच्याभोवती फिरत राहतो, खिडकीबाहेरची पाने गळतात, बर्फ येते आणि पडद्यावर ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर अशी अक्षरे उमटतात. स्टेफनी मेयर यांच्या कादंबरीत त्या ठिकाणी महिन्यांची नावे छापलेली जवळजवळ कोरी पाने आहेत, आणि कोरे पान पडद्यावर आणण्याचा याहून चांगला मार्ग मला तरी सुचत नाही. लिक्के ली हिचे एकसुरी, हुंदक्यासारखे गाणे मागे वाजत असते. क्रिस्टन स्टुअर्ट चेहऱ्यावरची एक रेषही हलवत नाही. याच चेहऱ्याला तेव्हा लाकडी म्हणून हिणवले गेले. तिला २०१५ मध्ये फ्रान्सचा सेझार पुरस्कार मिळाला, पुढे राजकन्या डायनाच्या भूमिकेसाठी ऑस्करचे नामांकन मिळाले, आणि तोच स्थिर चेहरा एकाएकी संयत अभिनय ठरला. मला तो त्या रात्रीच ठाऊक होता, कारण त्या वर्षीच्या ऑक्टोबरात मी स्वतः तशीच बसत असे.

त्या प्रसंगापासून पुढे बेला पत्रे लिहू लागते, आणि ती एडवर्डला नसतात. ती अ‍ॅलिसला, त्याच्या बहिणीला, आपल्या मैत्रिणीला ई-मेल लिहिते. आपण हरवलो आहोत, आता बोलायला कोणी उरले नाही, रात्री स्वप्ने पडतात, असे लिहिते आणि पाठवते. पत्त्यावर कोणी नसल्यामुळे प्रत्येक पत्र परत येते, तरीही ती पुन्हा लिहिते. कादंबरीत नसलेली ही पत्रे पटकथा लिहिताना मेलिसा रोझनबर्ग यांना सुचली असावीत, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. तिकीटबारीवर जेकब की एडवर्ड याचे टी-शर्ट विकले जात होते, समीक्षक दोन पुरुषांमध्ये अडकलेल्या मुलीबद्दल लिहीत होते, आणि मी मात्र एका मुलीने दुसऱ्या मुलीला लिहिलेल्या, उत्तर न आलेल्या पत्रांपाशी अडले होते.

पुण्याहून निघताना ज्या मैत्रिणीने मला ऑर्कुटवर, तेव्हाच्या त्या सोशल नेटवर्कवर, रोज लिहायचे कबूल केले होते, तिने दिवाळीनंतर लिहिणे बंद केले. भांडण झाले नव्हते. माझे स्क्रॅप, म्हणजे तिथले निरोप, तिच्या पानावर एकाखाली एक साठत गेले, इतके, की ते इतरांना दिसतात याची मला लाज वाटू लागली आणि तरीही मी लिहीत राहिले. प्रेमभंग झाला असता तर निदान त्याला नाव तरी असते, आईने कुशीत घेतले असते, ताईने समजूत काढली असती. मैत्रीण हळूहळू बोलेनाशी झाली, याचे सुतक कोणी पाळत नाही. तिचे पुढे काय झाले ते मला इकडून तिकडून कळले, पण ते असो.

म्हणून पडद्यावर बेला जेकबसोबत घरी आली, दारात उभी असलेली ओळखीची काळी गाडी तिने पाहिली आणि ती आत धावली, आणि दिवा लागल्यावर समोर अ‍ॅलिस उभी होती, तेव्हा मला हुंदका आवरता आला नाही. एडवर्ड अजून परतायचा होता. आजूबाजूच्या मुली तेव्हा शांत होत्या, त्यांचे रडणे पुढे इटलीत, घड्याळाच्या मनोऱ्याखाली व्हायचे होते. आईने मात्र माझ्या हातात रुमाल दिला आणि काही विचारले नाही. परतताना गाडीत ती फक्त चार्लीबद्दल बोलली. मुलगी रोज रात्री किंचाळत उठते आणि बाप धावत जाऊन तिला धरतो, त्याला काय करावे कळत नाही, बिचाऱ्याचे किती हाल, असे ती म्हणत राहिली. आईने त्या रात्री चार्लीचा चित्रपट पाहिला होता. आता वाटते, की माझी खोली तिच्या खोलीला लागूनच होती.

इथपर्यंत लिहिल्यावर सकाळपासून मनात असलेला सल थोडा बोथट झाला आहे. माझ्या रडण्याला कोणी मान दिला नाही, आमच्या पिढीच्या मुलींना सगळ्यांनी हसून घेतले, असे मी सकाळी स्वतःशीच घोकत होते आणि ते खोटेही नाही. पण त्या चित्रपटगृहात जितक्या मुली होत्या तितकी कारणे असणार, आणि ती कारणे कोणाच्या चेहऱ्यावर लिहिलेली नव्हती. बिस्किटांचा पुडा पुढे करणारी ती मुलगी कशासाठी किंचाळली, हे मला तरी कुठे ठाऊक आहे? शेवटी एडवर्ड बेलाला लग्नाचे विचारतो आणि तिचे उत्तर ऐकू येण्याआधीच पडदा काळा होतो, तेव्हा ती खुर्चीवरून उठून ओरडली होती आणि मग आम्ही दोघी एकमेकींकडे पाहून हसलो होतो. तेही हसणेच होते. भाचीचे कालचे हसणे मला मागच्या रांगेतल्या मुलग्यांच्या हसण्यासारखे ऐकू आले, पण ती त्यांच्यासारखी नाही. तिने हसणे थांबवून प्रश्न विचारला, आणि तेव्हा ते कोणीच केले नव्हते.

२०२१ मध्ये हे पाचही भाग अमेरिकेत नेटफ्लिक्सवर आले, तेव्हा तिच्या वयाच्या कितीतरी मुलींनी ते पहिल्यांदा पाहिले. त्या हसतात, संवाद तोंडपाठ म्हणतात, एकमेकींना पाठवतात आणि पुन्हा पाहतात. ज्यावर इतके प्रेमाने हसता येते ते टाकाऊ नसते, हे त्यांना आमच्याआधी कळले असावे. आम्हाला हसायची मोकळीकच नव्हती, कारण आम्ही हसलो असतो तर हसणाऱ्यांचेच खरे ठरले असते.

आज संध्याकाळी भाचीला निरोप पाठवला, की तुकडे पाहू नकोस, रविवारी ये, आपण सगळा चित्रपट बसून पाहू. तिने लगेच होकार कळवला आणि ताई बसणार का, असेही विचारले. ताई बसणार आहे. लांडग्यांवर भाची हसली तर मला काही वाटणार नाही, ते मलाही फारसे जमलेले वाटत नाहीत. अ‍ॅलिसला लिहिलेली पत्रे येतील तेव्हा मी तिला काही समजावून सांगायचे नाही, असे ठरवले आहे. तिने पुन्हा विचारले तर ऑर्कुट काय होते इथपासून सांगावे लागेल. मात्र आधी पहिला भाग पाहावा लागेल, नाहीतर अ‍ॅलिस कोण हे तिला कळायचे नाही, आणि तो दुपारी जेवणानंतर लगेच लावला तरच दोन्ही भाग एका दिवसात होतील.