तुम्ही विचारलंत म्हणून: सेटरमधूनच लेबल काऊन नाही बदलायचं?

जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या मिलच्या) वजनकाट्यासाठी सी-शार्पमध्ये पावतीचं सॉफ्टवेअर करतो म्हणून हिंगणघाट-वणीकडची शिकणारी पोरं फोन करत राहतात, अन् प्रश्न ठरलेला: "दादा, वजन बदललं की सेटरमधूनच स्क्रीनवरची रक्कम बदलून टाकू ना, हे इव्हेंटचं लफडं काऊन?" सेटर म्हणजे ऑब्जेक्टमधली व्हॅल्यू बदलणारा कोडचा तुकडा, अन् इव्हेंट म्हणजे 'बदल झाला' अशी ऑब्जेक्टनं मारलेली हाक.

एकच स्क्रीन असेल तर टाक बावा, कोणी अडवलं नाही. पण काट्यावर तेच वजन ऑपरेटरला पाहिजे, बाहेरच्या मोठ्या डिस्प्लेला पाहिजे, अकाउंटवाल्यालाही पाहिजे. पावतीच्या क्लासमध्ये ह्या सगळ्यांची नावं कोंबली की उद्या डिस्प्ले बदलला तरी पावतीचाच कोड उघडावा लागते. म्हणून पावतीनं फक्त 'मी बदलली' एवढं सांगायचं, ऐकायचं ते ऐकतील. हे काही नवीन फॅड नाही, स्मॉलटॉक-८० ह्या जुन्या भाषेमध्येच 'चेंज्ड' अन् 'अपडेट' होतं, मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेटमध्ये २००५ पासून ह्याच कामाचा आयनोटिफायप्रॉपर्टीचेंज्ड हा इंटरफेस आहे.

खरी गंमत सेटरमध्ये आहे. गाडी जागची हलली नाही तरी इंडिकेटर (काट्याचं वजन दाखवणारं यंत्र) पीसीच्या सिरियल पोर्टवरून तेच वजन पुन्हा पुन्हा पाठवून राहते, तर पहिले पाहायचं की नवी व्हॅल्यू जुनीसारखीच आहे का, असली तर गुपचूप परत. हे नसलं अन् दोन ऑब्जेक्ट एकमेकांचं ऐकत असले की स्टॅक (चालू कॉल्सची मेमरी) फुटेपर्यंत गोल फिरतात. मग निव्वळ वजन. ते भरलेल्या गाडीतून रिकामी वजा करून निघते, त्याला स्वतःचा सेटरच नाही, म्हणून रिकामं वजन बदललं की 'निव्वळ' अन् 'रक्कम' ह्यांच्याही नावानं इव्हेंट सोडावा लागते. पोरं हे विसरतात अन् बाइंडिंगला (प्रॉपर्टी स्क्रीनला जोडणाऱ्या सोयीला) शिव्या देतात. भाव अन् ओलाव्याची कटती दोन्ही बदलायची असेल तर दोन्ही बसवा, मग इव्हेंट सोडा, नाहीतर ऐकणारा नव्या भावात जुनी कटती लावून रक्कम दाखवून मोकळा. प्रॉपर्टीचं नाव हातानं कोट्समध्ये लिहू नका, नेमऑफ (कोडमधलंच नाव उचलून देणारा शब्द) वापरा, नाहीतर एक अक्षर चुकलं तरी कंपायलर चूप.

दुसरा फोन सीझनमध्ये येते, "इव्हेंट दोनदा येऊन राहिला." कापसाच्या गाड्या लागल्या की काट्यावरचा पीसी बंदच होत नाही. प्रत्येक पावतीची खिडकी उघडते, काट्याच्या ऑब्जेक्टला += करते (म्हणजे इव्हेंट ऐकायला नाव नोंदवते) अन् बंद होते, पण काट्याकडे तिचा रेफरन्स राहतेच, म्हणून गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी मोकळी करणारा) तिला उचलत नाही. मेमरी फुगते ती फुगते, वरून स्क्रीनवर नसलेल्या खिडक्याही नव्या गाडीचं वजन ऐकत बसतात. खिडकी बंद झाली की चालणाऱ्या फॉर्मक्लोज्डमध्ये -= करा, म्हणजे नाव काढून टाका. अन् लॅम्ब्डा (बिननावाचं फंक्शन) लावली असेल तर तशीच दुसरी लिहून -= केल्यानं काही निघत नाही, एररही येत नाही; लावतानाच ती व्हेरिएबलमध्ये धरून ठेवा.