ऑपरेशन कानाचं, बिघडली जिभेची चव

कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे ऐकू यावं म्हणून कानाच्या आत बसवतात ते यंत्र. ते बसवल्यावर चौथ्या दिवशी सुनेने आमसुलाची आमटी वाढली आणि मला ती गंजक्या खिळ्यासारखी लागली. मी तिच्यावरच वैतागले! मग आठवलं, सर्जननी आधीच बजावलं होतं. कानामागचं हाड कोरून तार आत सरकवतात, त्या वाटेच्या एका बाजूला चेहऱ्याची नस, दुसऱ्या बाजूला चवीची. मधली फट काही मिलिमीटरची. चवीची नस कधीकधी ताणली जाते.

मला धास्ती होती तोंड वाकडं होण्याची. ते झालं नाही. चक्कर मात्र आठवडाभर. बाथरूमला जायचं तर भिंत धरून. त्या कानाला यंत्राविना ट्रकची घरघर तेवढी कळायची, तीही गेली. मेंदूज्वराचा धोका थोडा वाढतो, म्हणून न्यूमोकोकलची लस आधीच टोचून घेतली होती. शेजारच्या खोलीतल्या दोन वर्षांच्या पोरालाही दिली होती. त्याच्या आईला वेगळीच काळजी: पोरगं डोक्यावर आपटलं, यंत्र बिघडलं, तर पुन्हा ऑपरेशन. आणि एमआरआय करायचा तर आधी इम्प्लांटचं कार्ड दाखवायचं, आत चुंबक आहे ना.

चव तीनेक महिन्यांनी परतली, बरीचशी. आमटीत गूळ जास्त पडला की आता लगेच कळतं. सुनेला ते फारसं आवडलेलं नाही.