तुम्ही विचारलंत म्हणून : विम्याचा हप्ता कुठवर भरायचा?

नोकरी सोडून कंत्राटावर डिझाइनची कामे घेणारे तरुण स्ट्रक्चरल इंजिनिअर मला हमखास विचारतात की, ड्रॉइंग ज्या कन्सल्टन्सीच्या नावाने जाते तिची पॉलिसी असताना स्वतःची प्रोफेशनल इन्डेम्निटी, म्हणजे व्यावसायिक कामातील चुकीची भरपाई देणारी विमा पॉलिसी, कशाला घ्यायची? त्या पॉलिसीत कन्सल्टन्सी आणि तिचे नोकर असतात. कंत्राटावरचा माणूस, त्याचा स्पष्ट उल्लेख नसेल तर, बहुधा बाहेरच राहतो. उलट कन्सल्टन्सीला भरपाई दिल्यावर विमा कंपनी तीच रक्कम तुमच्याकडून वसूल करायला येऊ शकते. प्रोप्रायटर असाल तर राहते घरही त्या जबाबदारीतून सुटत नाही.

मी पॉलिसी घेतली होती, पण एका वर्षी कामे आटली म्हणून हप्ता भरला नाही आणि नेमकी त्याच वर्षी एका जुन्या कामाची नोटीस आली. पाच मीटर गाळ्याचा (म्हणजे दोन आधारांमध्ये तेवढे अंतर असलेला) स्लॅब मध्यभागी खाली बसला होता. आय.एस. ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे साडेचार मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू साध्या सिमेंटला चौदा दिवस ठेवायचे असतात, आणि ठेकेदाराने आठव्याच दिवशी ते काढून मला मोठ्या कौतुकाने फोटो पाठवला होता. त्याखाली माझे 'लगेच परत लावा' हे तीन शब्द तारखेसह होते, म्हणून प्रकरण तडजोडीवर मिटले. वकिलाची फी मात्र पदरची गेली. ड्रॉइंग दिले तेव्हा पॉलिसी होती, या म्हणण्याला काही अर्थ नव्हता, कारण या पॉलिसीत दावा येतो त्या दिवशी ती चालू असावी लागते. पुढे नवी पॉलिसी घेतली तेव्हा तिच्यावर नवी रेट्रोअॅक्टिव्ह तारीख पडली, म्हणजे जिच्या आधी केलेल्या कामाचे दावे पॉलिसी घेत नाही ती तारीख, आणि त्याआधीची माझी सगळी ड्रॉइंग कायमची उघडी राहिली. विम्याची रक्कम किती यावर तासन्‌तास चर्चा करणारे लोक ही तारीख वाचतही नाहीत.

रकमेबद्दल एवढेच पाहा की, एका दाव्याची मर्यादा वेगळी आणि वर्षाची वेगळी असते, आणि वकिलाचा खर्च सहसा त्यातूनच वजा होतो.

करारनाम्याकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे. रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत निघालेला बांधकामातील दोष बिल्डरला स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावा लागतो, आणि हे ओझे पुढे ढकलण्यासाठी 'कोणत्याही कारणाने झालेले सर्व नुकसान सल्लागार भरून देईल' असे वाक्य करारात घातले जाते. तुमच्या निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान पॉलिसी भरून देते. करारात तुम्ही आपण होऊन अंगावर घेतलेली जादा जबाबदारी सहसा तिच्यात बसत नाही. मी त्या वाक्यात 'माझ्या डिझाइनमधील चुकीमुळे' हे शब्द घालून घेतो, आणि बिल्डर ते मानत नसेल तर काम सोडतो.

यंदा मी एकही नवे काम घेतलेले नाही, तरी हप्ता भरला आहे.