ठमीचे टाके आणि तिची जीभ

रविवार, पंचवटी

आमच्या मांजरीच्या, ठमीच्या, पोटावरचे टाके आज कोरडे आहेत. कडा फिकट गुलाबी दिसतात, पण सूज नाही, ओल नाही आणि वासही येत नाही. नसबंदीच्या शस्त्रक्रियेनंतर सुरुवातीला जी धास्ती होती, ती जखमेची होती. या आठवड्यात ती तिच्या चाटण्याची आहे. पोटावर सुती अंगरखा असल्यामुळे टाक्यांपर्यंत जीभ पोहोचत नाही, म्हणून तिने पुढचा डावा पाय धरला आहे, आणि तिथली लव इतकी विरळ झाली आहे की खालची कातडी दिसू लागली आहे.

मांजराच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात आणि ते आपल्या नखांसारख्याच केराटिनचे बनलेले असतात. त्यामुळे जखम चाटून बरी होते हा समज मांजराच्या बाबतीत फार घातक आहे, कारण ती जीभ टाका उसवू शकते आणि तोंडातले जंतू थेट जखमेत नेते. शेजारच्या काकूंनी मायेपोटी हळद आणि खोबरेल तेल लावण्याचा सल्ला दिला, परंतु जखमेवर जे जे लावू ते ती चाटणारच, हे मी त्यांना समजावून सांगितले. माणसांचे जंतुनाशकही नको आणि दुखते म्हणून पॅरासिटामॉल तर मुळीच नको, कारण मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही आणि एक गोळीसुद्धा जिवावर बेतू शकते.

गंगापूर रोडच्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासताना चाटण्याचे कारण शोधायला सांगितले, आणि मला त्यांचे म्हणणे पूर्ण पटते. आधी वेदना, मग कातडीची खाज किंवा पिसवा, आणि या दोन्ही नसतील तर भीती किंवा कंटाळा, असा त्यांचा क्रम होता. पिसवा निघाल्या नाहीत. वेदनेचे औषध त्यांनी तिच्या वजनाप्रमाणे दिले आहे. उरतात ते दिवसभराचे कोंडलेपण आणि दवाखान्याची धास्ती, कारण चाटल्याने मांजराला शांत वाटते आणि घाबरलेले मांजर तोच आधार पुनःपुन्हा शोधते. त्यातच सध्या नाशिकला सकाळी हुडहुडी भरते आणि तिच्या पोटावरचे केस काढलेले आहेत. म्हणून तिचे अंथरूण खिडकीपासून हलवून आतल्या खोलीत गोधडीवर केले आहे. आईने फरशी फिनाइलने पुसणे थांबवले, हे मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण पंजाला लागलेले फिनाइल शेवटी पोटातच जाते.

रात्री आणि आम्ही घरात नसताना गळ्यात प्लास्टिकची कॉलर असते. ती नाकाच्या टोकापुढे आली पाहिजे आणि मानेशी दोन बोटे सहज शिरली पाहिजेत. आखूड कॉलर घातली तर ती असूनही उपयोग होत नाही. जेवताना मी ती काढते, उथळ ताटलीत खाणे देते आणि खाणे संपेपर्यंत शेजारी बसून राहते.

खरा फरक पडला तो मऊ टूथब्रशने. नवा ब्रश कोमट पाण्यात बुडवून, निथळून, मी तिच्या गालावरून कानामागे आणि तिथून हनुवटीखाली हळूहळू फिरवते. पहिल्यांदा ती दचकली, मग तिने मान पुढे केली आणि ब्रश थांबला की कॉलरची कड माझ्या मनगटावर आपटू लागली. मांजराला स्वतःची स्वच्छता करू न देणे ही मोठी अडचण आहे, तेव्हा ते काम तिच्या वतीने कोणीतरी करायला हवे, असे मला मनापासून वाटते. त्यानंतर तिला झोप लागते आणि पायाकडे तिचे लक्ष जात नाही. ती पायाकडे वळलीच, तर मी तिला ओरडत नाही, कारण ओरडण्याने भीती वाढते आणि चाटणेही. त्याऐवजी सुतळीला बांधलेला कागदाचा बोळा तिच्यासमोरून हळूच सरकवते, कारण टाके असेपर्यंत तिने उडी मारू नये.

उद्या टाके दाखवायला जायचे आहे. पायावरच्या विरळ जागेचा फोटो मी रोज एकाच उजेडात काढून ठेवला आहे, तो डॉक्टरीणबाईंना दाखवीन आणि कॉलर कधी उतरवायची हे त्यांनाच ठरवू देईन.